बॉल तुमच्या कोर्टात

"माझा बॉल न्यायला आलोय," खिडकीपलीकडचा म्हातारा म्हणाला.

मी नोंदवहीतून मान वर केली. पांढरा पटका, काखेत कापडी पिशवी, आणि चेहऱ्यावर रेशनच्या रांगेत असते तशी शांत घाई.

"काय न्यायला?"

"बॉल. हितं जमा हाय माझा."

सत्त्याऐंशी सालचा फेब्रुवारी होता. मी एका तालुक्याच्या कोर्टात मुद्देमाल कारकून होतो. तालुक्याचं नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून आहेत. पोलिसांनी गुन्ह्यात जप्त केलेल्या वस्तू कोर्टात जमा होत आणि त्या माझ्या ताब्यात असत. कुऱ्हाडी, सायकली, तांब्याचे हंडे, एकदा तर अख्खी बैलगाडी. खटला संपला की मालक येऊन आपली वस्तू सही करून घेऊन जाई. त्यामुळे कुणी काही मागायला येणं नवीन नव्हतं. बॉल मात्र अजून कुणी मागितला नव्हता.

"कुठल्या केसमधला?" मी विचारलं.

"ते तुमी सांगायचं. मला नोटीस आलीया."

"बघू नोटीस."

त्याने पिशवी काखेत आणखी घट्ट धरली. "अस्सल कागुद मी कुणाच्या हातात देत न्हाय, भाऊसाहेब."

हा निवृत्ती धोंडी खराडे. कोर्टातला प्रत्येक माणूस त्याला ओळखत होता, कारण तो कोर्टात आमच्याआधीपासून होता. चुलतभाऊ हिंदुराव खराडे याच्याशी त्याचे अकरा दावे चालू होते. एक बांधाचा, एक विहिरीचा, एक पाटाच्या पाण्याचा, एक बाभळीचा. बाभूळ केव्हाच वठून पडली होती, दावा उभा होता. तीस वर्षांत त्याला कोर्टाची भाषा एवढी अंगवळणी पडली होती की उसाला पाणी पाजायचं राहिलं तरी तो 'तहकूब केलं' म्हणे.

नोटीस कशी आली ते त्याने उभ्या उभ्या सांगितलं. पोस्टमन एक लांब पाकीट घेऊन आला. पत्ता इंग्रजीत, टाइप केलेला. सरकारी दिसतंय म्हणून त्याने सही करून घेतलं. आत एक पान, तेही इंग्रजी, टाइप केलेलं. गावात इंग्रजी वाचणारा एकच माणूस, रिटायर झालेला कंपाउंडर, पण तो हिंदुरावाच्या बाजूचा. म्हणून निवृत्तीआबांनी कागद दुमडून, दोन्ही हातांनी धरून त्याला फक्त शेवटची ओळ दाखवली.

"शेवटचीच का?"

"हुकूम शेवटालाच असतो," तो म्हणाला. मला अडाण्याला शिकवावं तसं. "वरचं समदं आपलं 'वादीचं म्हणणं, प्रतिवादीचं म्हणणं'. ते वाचून कुणाचं भलं झालंय?"

शेवटच्या ओळीत कंपाउंडरने वाचलं होतं ते असं: आता बॉल तुमच्या कोर्टात आहे. खाली सही, सार्जंट कुणीतरी.

"सार्जंट म्हंजे पोलीसच की," निवृत्तीआबा म्हणाले. "त्यानं जप्त केला आन् हितं जमा केला. आमचं कोर्ट हेच. दुसऱ्या कोर्टात मी जात न्हाय."

मला अर्थ त्याच क्षणी कळला. नुसता अर्थ नव्हे, मूळसुद्धा. मी इंग्रजी घेऊन बी. ए. झालो होतो आणि जिल्हा न्यायालयात भाषांतरकाराची जागा निघणार होती, तिची तयारी करत होतो. माझ्याकडे दोनशे पानांची एक वही होती. तीत इंग्रजी वाक्प्रचार, त्यांचे अर्थ आणि ते कुठून आले याची टिपणं. 'किकिंग द बकेट' म्हणजे मरणं, आणि त्यातली बादली ही बहुधा बादली नसून डुकरं टांगायची तुळई असावी. 'लेटिंग द कॅट आउट ऑफ द बॅग' म्हणजे गुपित फोडणं, आणि ते म्हणे बाजारात डुकराचं पिल्लू सांगून पिशवीत मांजर विकणाऱ्यांवरून आलं. 'रेड टेप'चं मूळ शोधायला लांब जावंच लागलं नाही, तसलीच नाडी आमच्या कपाटातल्या प्रत्येक फायलीला बांधलेली होती. या वहीचा मला फार अभिमान होता. 'द बॉल इज इन युअर कोर्ट' एकशे अकराव्या पानावर होतं: टेनिसवरून. आता पाळी तुमची.

"तुमी शिकलेलं," निवृत्तीआबा म्हणाले. "बॉल म्हंजे चेंडूच न्हवं?"

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण नेमके तेव्हाच नाझर घळसासी मागे येऊन उभे राहिले होते. ते माझे वरिष्ठ, भाषांतरकाराच्या जागेसाठी शिफारस त्यांचीच जायची होती. त्यांनाही अर्थ ठाऊक होता. त्यांच्या गालाची एक बाजू हलत होती.

"चेंडूच," मी म्हणालो.

"मग द्या."

"असा कसा देणार?" घळसासी म्हणाले. "रीतसर अर्ज करा."

आबांना हे एकदम पटलं. तासाभरात बाहेरच्या अर्जनवीसाकडून अर्ज लिहून आला. 'अर्जदाराच्या मालकीचा बॉल या कोर्टात जमा असल्याचे अर्जदारास लेखी कळविण्यात आले असून, सदर बॉल अर्जदाराचे ताब्यात मिळावा.' आम्ही दार लावून पोट धरून हसलो. शिपाई बंडगर तर फायलींच्या गठ्ठ्यावर बसला, उठेना. अर्जाला नंबर पडला.

मला वाटलं होतं, दुसऱ्या दिवशी कुणीतरी त्याला खरं सांगेल आणि संपेल. पण नंबर पडलेला कागद कोर्टात संपत नाही. त्या वेळचे न्यायाधीश बदलीच्या आदेशाची वाट पाहत होते. त्यांनी अर्जाच्या मथळ्यावरून नजर फिरवली आणि शेरा मारला, पोलिसांचे म्हणणे मागवा. पोलिसांचं म्हणणं तीन आठवड्यांनी आलं. 'सदर बॉल या ठाण्याचे हद्दीत मिळून आलेला नाही. शोध चालू आहे.'

शोध चालू आहे म्हटल्यावर बातमी हिंदुरावापर्यंत पोचली.

हिंदुराव आबांपेक्षा दोन वर्षांनी लहान, मिशा काळ्या केलेला, आणि आबा जे मागतील त्यातलं निम्मं मागायचं हा त्याचा तीस वर्षांचा नेम. त्याने वकिलामार्फत हरकत दाखल केली. सदर बॉल हा एकत्र कुटुंबाच्या मिळकतीपैकी असून त्यात हरकतदाराचा निम्मा हिस्सा आहे, तरी तो एकट्या अर्जदारास देऊ नये.

हरकतीची नक्कल वाचून दाखवली तेव्हा आबा खूश झाले.

"बघा. हिंदुराव हरकत घेतोय म्हंजे वस्तू मोलाची हाय."

"आबा, तुम्हाला नक्की काय वाटतं, कसला बॉल असेल?" मी विचारलं. आता मला अर्थाची नव्हे, त्याच्या डोक्याची गंमत वाटत होती.

"मला काय ठावं? कोर्टात माझं काय काय अडकलंय, सगळं ध्यानात ऱ्हातंय व्हय? माझा म्हणून लिवलंय म्हंजे माझाच असणार."

तो दर तारखेला येई. मार्चमध्ये दोनदा आला, एप्रिलमध्ये तीनदा. एस्टीने दोन तास, मग खिडकीशी उभा. "आलं का काय?" एवढंच विचारी. घळसासींनी एकदा त्याला सांगितलं की बॉल वरच्या कोर्टात तपासणीला पाठवलाय, हवा कमी आहे का बघायला. त्याने ते पिशवीतल्या वहीत लिहून घेतलं. मी बाजूला उभा होतो. मीही हसलो. मग मे महिना आला आणि कोर्टाला सुट्टी लागली.

जूनमध्ये नवीन न्यायाधीश आल्या. वर्तक मॅडम, वय पस्तीसच्या आसपास, हळू बोलणाऱ्या. त्यांना जुनी प्रकरणं पडून राहिलेली चालत नसत. बावीस जूनला त्यांनी बॉलचा अर्ज पुकारायला लावला.

आबा पुढे आले. हिंदुराव वकिलासह दुसऱ्या बाजूला. कोर्ट भरलेलं होतं, कारण बंडगरने आधीच बाहेर सांगून ठेवलं होतं की आज बॉल आहे.

मॅडमनी फाइल चाळली. एकदा पुढून, एकदा मागून.

"कुठला बॉल?" त्यांनी विचारलं.

हिंदुरावाने वकिलाकडे पाहिलं, वकिलाने फायलीकडे.

"मुद्देमालात एखादा बॉल आहे का?"

प्रश्न माझ्याकडे पाहून होता. आणि मुद्देमालात बॉल होता. एकोणऐंशी साली शाळेच्या मैदानाजवळ कुणाच्या तरी कपाळाला क्रिकेटचा चेंडू लागून मारामारी झाली होती, तिच्यातला. खटला अपिलात गेला, चेंडू आमच्याकडे राहिला.

"आहे," मी म्हणालो. "पण वेगळ्या केसमधला."

"आणा."

मी आणला. लाल रंग उडालेला, शिवण उसवलेली, दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली. मॅडमच्या टेबलावर ठेवला तर तो घरंगळायला लागला, बंडगरने झेलला.

"हा तुमचा आहे का?" मॅडमनी आबांना विचारलं.

आबांनी दोन्ही बाजूंनी पाहिला. "मी आजवर बघितलेला न्हाय. पण कोर्ट म्हणत आसंल तर हाय."

"निम्मा आमचा," हिंदुराव मागून म्हणाला.

"चेंडू निम्मा कसा करणार?"

"वाटप कोर्टानं करून द्यावं."

हशा झाला. मॅडम हसल्या नाहीत. "खराडे, तुम्हाला जे लेखी कळवलं म्हणता, तो कागद फाइलला नाही. कुठे आहे?"

"माज्यापाशी हाय. अस्सल हाय."

"मला दाखवाल?"

आबांनी विचार केला. मग पिशवीत हात घालून प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेलं पाकीट काढलं आणि स्वतः पायरी चढून त्यांच्या हातात दिलं. त्याने अस्सल कागद कुणाच्या हातात दिलेला मी पहिल्यांदाच पाहत होतो.

मॅडमनी घडी उलगडली. वरून वाचायला सुरुवात केली. वाचून झाल्यावर पान टेबलावर ठेवलं, त्यावर हात ठेवला. मग मला म्हणाल्या, "भाषांतरकाराच्या जागेची तयारी तुम्ही करता ना? हे वाचा. मराठीत. आधी मनात वाचू नका, सरळ सांगत चला."

खाली कागद होता, समोर आबा. मी वाचायला लागलो.

"'आदरणीय सर. आपण मला ओळखत नाही. मी मालनचा नवरा.'"

आबांनी पटक्याला हात लावला, काढायचा की घट्ट करायचा ते न ठरल्यासारखा.

मालन ही त्यांची एकुलती एक मुलगी, एवढं तालुक्यात सगळ्यांना माहीत होतं. आई लहानपणीच गेलेली. ती पुण्याला नर्सिंग शिकायला गेली आणि सात वर्षांपूर्वी तिथे एका केरळी ख्रिस्ती मुलाशी लग्न केलं. त्यानंतर आबांच्या तोंडून तिचं नाव कुणी ऐकलं नव्हतं.

"'मी हवाई दलात सार्जंट आहे. मालनने आपल्याला नऊ पत्रं लिहिली. नऊही घेण्यास नकार असा शेरा होऊन परत आली. आपण तिचं अक्षर ओळखता, म्हणून मी हे ऑफिसच्या टाइपरायटरवर लिहितो आहे. मला मराठी येत नाही, याबद्दल क्षमा करा. आम्हाला तीन वर्षांची मुलगी आहे. तिचं नाव अनसूया.'"

"मालनच्या आईचं नाव," हिंदुराव मागून हळूच म्हणाला. त्याच्या वकिलाने त्याला गप्प केलं.

"'तीस एप्रिलपर्यंत आम्ही पुण्यात आहोत. नंतर माझी बदली आसामात तेजपूरला होते आहे. जाण्याआधी एक दिवस आम्ही तिघं येऊन भेटू शकतो. आपण बोलावलंत तरच. उत्तर आलं नाही तर आम्ही पुन्हा त्रास देणार नाही, आणि मालनलाही मी लिहू देणार नाही, कारण पत्र परत आलं की ती दोन दोन दिवस जेवत नाही. माझ्याकडून जे करायचं ते मी केलं.'"

शेवटची ओळ राहिली होती. मी थांबलो.

"पुढे," मॅडम म्हणाल्या.

"'आता बॉल तुमच्या कोर्टात आहे.'"

"या वाक्याचा अर्थ नोंदवायचा आहे. सांगा."

"हा टेनिसवरून आलेला वाक्प्रचार आहे," मी म्हणालो. "त्या खेळाच्या मैदानाला इंग्रजीत कोर्ट म्हणतात. मध्ये जाळी असते. चेंडू आपल्या बाजूला आला की तो परत मारायचं काम आपलं. म्हणजे, पाळी तुमची. पुढे काय करायचं ते तुम्ही ठरवायचं."

मॅडमनी लिहून घेतलं. लिहिता लिहिताच विचारलं, "हा अर्थ तुम्हाला आज कळला?"

घळसासी दाराशी उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहून अगदी बारीक मान हलवली, हो म्हण अशी. हो म्हणणं सोपं होतं. कागद फाइलला नव्हताच.

"नाही," मी म्हणालो. "अर्ज आला त्या दिवशीच कळला होता."

"फेब्रुवारीत?"

"हो."

"मग सांगितलं का नाही?"

टेबलावर तो चेंडू चिठ्ठीसकट पडला होता. "मजा वाटली," मी म्हणालो.

मॅडमनी तेही लिहून घेतलं. त्याबद्दलचा मेमो मला दोन दिवसांनी लेखी मिळाला, आणि भाषांतरकाराच्या जागेसाठी माझं नाव त्या वर्षीही गेलं नाही, नंतरही नाही.

आबा कठड्याला धरून उभे होते. "मॅडम, म्हंजे मुदत तीस एप्रिलची हुती?"

"हो."

"गेली."

"गेली."

"विलंब माफ करायला अर्ज द्यावा लागंल मग."

कुणीतरी मागे फिसकन हसलं आणि लगेच थांबलं. मॅडम म्हणाल्या, "तो अधिकार या कोर्टाला नाही, खराडे. तो तुमच्या मुलीला आहे."

हिंदुरावाचा वकील उठला आणि हरकतीबद्दल काहीतरी बोलू लागला. हिंदुरावाने त्याचा कोट ओढून त्याला खाली बसवला. "बसा हो. आता पोरीत निम्मा हिस्सा मागू काय?"

मॅडमनी अर्ज निकाली काढला.

मी बाहेर आलो तेव्हा आबा व्हरांड्यातल्या बाकावर बसले होते, पिशवी मांडीवर. मी शेजारी जाऊन बसलो.

"आबा, माझं चुकलं."

"व्हय," ते म्हणाले. "तुमी चार म्हयनं हसला. मी सात वर्सं टपाल परत धाडलं. तुमचा गुन्हा किरकोळ हाय. कागुद आणा."

मी कागद आणला.

"लिवा. अर्जदार निवृत्ती धोंडी खराडे, वय अडुसष्ट, धंदा शेती, यांजकडून."

"आबा, मुलीला पत्र आहे. असं नको."

"मला दुसऱ्या तऱ्हेनं लिवायला येत न्हाय. लिवा. सामनेवाली, मालन निवृत्ती खराडे."

"तिचं आता आडनाव..."

"लिवा."

मी लिहिलं.

"एक. अर्जदारानं एकंदर नऊ टपाल घेण्यास नकार दिला, हे खरं हाय. दोन. सदरचा नकार रागाच्या भरात दिला. तीन. दहावं टपाल सरकारी समजून घेतलं, तेबी खरं हाय. चार. विलंब जाणूनबुजून केलेला न्हाय." ते थांबले. समोर चिंचेखाली पक्षकार भाकऱ्या सोडून बसले होते, तिकडे पाहत राहिले. "चौथं खोडा."

"खोडू?"

"जाणूनबुजूनच केलाय. तसंच लिवा. खोटं शपथेवर कशाला सांगू?"

मी खोडून तसं लिहिलं.

"सबब, विलंब माफ व्हावा. आन् सामनेवालीनं नवरा आन् लेकीसह दिनांक चौदा सप्टेंबर रोजी सकाळी अकराला या कोर्टात समक्ष हजर ऱ्हावं."

"कोर्टात? आबा, घरी बोलवा ना."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "घरी बोलावली आन् न्हाय आली, तर गाव बघंल. हितं न्हाय आली तर तारीख पडली म्हणता येतं."

मी तारीख आणि वेळ लिहिली. त्यांनी खाली सही केली, मराठीत, प्रत्येक अक्षर कोरल्यासारखं. मग म्हणाले, "आन् त्या सार्जंटाला तुमी इंग्रजीत लिवा. चांगलं लिवा."

माझ्या दोनशे पानी वहीत यासाठी निदान सहा वाक्प्रचार निघाले असते. ऑलिव्हच्या फांदीचा होता, पुलाखालच्या पाण्याचा होता, सगळ्यांची मुळंसुद्धा मला पाठ होती. कोरा कागद समोर घेऊन मी बराच वेळ बसलो. शेवटी लिहिलं, तुम्ही तिघंही या, कृपा करून या. त्याखाली माझ्याबद्दल दोन ओळी लिहिल्या, उशीर कुणामुळे झाला ते. पाकीट पुण्याच्या पत्त्यावर टाकलं, पुढे तेजपूरला जाईल या भरवशावर.

जुलै गेला. ऑगस्ट गेला. उत्तर आलं नाही. आबा तारखांना येत होते, बांधाच्या, विहिरीच्या. खिडकीशी थांबत, पण काही विचारत नसत. मीच म्हणे, "अजून काही नाही." ते मान हलवत.

चौदा सप्टेंबरला मी साडेनऊला पोचलो तर आबा आधीच बाकावर. नवं धोतर, नवा पटका. थोड्या वेळाने हिंदुराव आला आणि त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. त्या दिवशी त्याची एकही तारीख नव्हती, मी बोर्ड पाहिला होता.

"दुसऱ्या कामाला आलोय," तो मला म्हणाला, मी विचारलं नव्हतं तरी.

अकरा वाजले. बारा वाजले. मी टेबलावरून दर पाच मिनिटांनी व्हरांड्यात डोकावत होतो. दोघे भाऊ बोलत नव्हते. दुपारच्या सुट्टीत हिंदुरावाने दोन कप चहा आणला, एक बाकावर मधोमध ठेवला. आबांनी तो गार झाल्यावर प्याला.

तीन वाजता आबा उठले. धोतर झटकलं. "तारीख पडली, भाऊसाहेब."

"कोर्ट साडेपाचपर्यंत असतं," मी म्हणालो.

"माझी यष्टी साडेतीनची हाय."

"पुढच्या यष्टीनं जाऊ," हिंदुराव म्हणाला. "मलाबी तिकडंच जायचंय."

आबा परत बसले, पण या वेळी भिंतीकडे तोंड करून.

चार वाजायच्या सुमारास फाटकाशी रिक्षा थांबली. एक उंच, सावळा माणूस उतरला, खांद्याला लष्करी पिशवी. मग एक बाई. मग तिने हात धरून उतरवलेली एक छोटी मुलगी, केसांना रिबिनी, प्रवासाने चुरगळलेला फ्रॉक. हिंदुराव उभा राहिला. मी उभा राहिलो. आबांनी मान वळवली, पाहिलं, आणि पुन्हा भिंतीकडे केली. त्यांचे हात गुडघ्यांवर होते आणि ते उठत नव्हते.

ती बाई व्हरांड्याच्या पायरीशी येऊन थांबली. तिच्या हातात मी लिहिलेला तो अर्ज होता. ती पाठमोऱ्या पटक्याकडे पाहत होती, पुढे येत नव्हती. मधे दहा पावलांचं अंतर, आणि दोघांपैकी कुणी ते तोडेना.

तेव्हा शिपाई बंडगर कोर्टाच्या दारातून बाहेर आला. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. फेब्रुवारीत गठ्ठ्यावर बसून हसत होता तोच बंडगर. त्याने पट्टा सरळ केला, छाती भरून घेतली आणि रोज पुकारतो तशा खणखणीत आवाजात पुकारलं,

"मालन निवृत्ती खराडे, हाजिर हो."

आत साक्ष चालू होती. दार उघडं होतं. वर्तक मॅडमनी मान वर करून बाहेर पाहिलं, आणि साक्षीदाराला हाताने थांबायची खूण केली.

बंडगरने दुसऱ्यांदा पुकारलं. तिसऱ्यांदा पुकारायला तोंड उघडलं, तेवढ्यात ती म्हणाली, "हजर आहे."

आबा वळले. मालन पायऱ्या चढून आली आणि त्यांच्यासमोर खाली बसली, त्यांच्या पायांशी, फरशीवर. आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहिला. सार्जंट पायरीखाली टोपी हातात घेऊन उभा होता. हिंदुराव जाऊन त्याची पिशवी त्याच्या खांद्यावरून काढून घ्यायला लागला, तो देईना, दोघांची जरा ओढाताण झाली, शेवटी हिंदुरावाने घेतलीच.

मुलगी आईच्या मागून पुढे आली. तिने व्हरांडा पाहिला, काळे कोट पाहिले, फायलींनी भरलेली माझी खिडकी पाहिली. मालन लहान होती तेव्हा तिचे वडील रोज सकाळी पिशवी घेऊन कोर्टात जात, आणि तिने आपल्या मुलीला तेच सांगितलं असणार.

"आजोबा," ती हिंदी वळणाच्या मराठीत म्हणाली, "तुमचं ऑफिस हेच आहे?"

आबांनी हिंदुरावाकडे पाहिलं. हिंदुराव दोन्ही हातांत पिशवी धरून उभा होता.

"हुतं," आबा म्हणाले. "आज सोडलं."